निळी फ्रेम कापण्याआधी

मावशीच्या लग्नाची कॅसेट १९९३ची. सीमांतपूजन संपतं, पडदा निळा होतो, अकरा सेकंद निळाच राहतो आणि मग एकदम मंगलाष्टकं सुरू होतात. ही कॅसेट संगणकावर उतरवून घेतली तेव्हा ती अकरा सेकंदं रिकामी आहेत असं समजून मी काढून टाकली. पुढे मावशी आली, सगळं पाहिलं आणि म्हणाली, "अगं, मामा मला गौरीहरापासून उठवून बोहल्यावर आणतात, ते कुठे गेलं?"

कॅसेट पुन्हा लावली. व्हीसीआरच्या मेनूत शिरून निळ्या पडद्याची सोय बंद केली. त्याच जागी आता मुंग्या आलेलं, वरच्या बाजूला वाकलेलं, थरथरणारं चित्र दिसू लागलं. मामांचा हात ओळखू येत होता, मावशीच्या मुंडावळ्या दिसत होत्या. टेपवर ते सगळं होतं. व्हीसीआरला ते नीट वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने त्यावर निळा पडदा ओढला होता.

तेव्हापासून उतरवलेल्या व्हिडिओतल्या एकरंगी फ्रेम मी शोधते त्या कापण्यासाठी नाही, तर टेप कुठे पुन्हा पाहायची हे कळण्यासाठी. घरी कॅसेटी उतरवून ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं. व्हीसीआर बनवणाऱ्यांत शेवटपर्यंत उरलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६च्या जुलैमध्ये ते बनवणं थांबवलं. म्हणजे आपल्या हातातली मशीनं आहेत तेवढीच, आणि तीही झिजत चालली आहेत. टेप पुन्हा कुठे पाहायची हे नेमकं ठाऊक असेल तर टेपही वाचते आणि मशीनचं हेडही.

हे काम डोळ्यांनी का होत नाही? आपल्याकडची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. तीन तासांच्या एका कॅसेटमध्ये २,७०,००० फ्रेम होतात. वेग वाढवून पाहिलं तर अर्ध्या सेकंदाचा निळा तुकडा डोळ्यांसमोरून निघून जातो. संगणक मात्र प्रत्येक फ्रेम मोजतो. त्यासाठी लागणारा प्रोग्राम म्हणजे एफएफएमपेग. तो फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याला खिडक्या-बटणं नाहीत; काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. या लेखात आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत लिहायची, आकडेही इंग्रजीच. आज्ञांचे शब्द लहान अक्षरांत असतात. मोजमापांची नावं मात्र मोठ्या अक्षरांत.

आधी हे रंग येतात कुठून ते पाहू. निळा बहुधा व्हीसीआरचा असतो: सिग्नल कमजोर झाला किंवा टेपचा भाग कोरा असला की मशीन स्वतःचा निळा रंग पाठवतं. काळ्याची कारणं अनेक. टेपची सुरुवात, व्हिडिओवाल्याने मुद्दाम चित्र काळोखात विरवलेलं, दिवे गेलेले, किंवा कॅमेऱ्याचं झाकण काढायचं राहिलेलं. पांढरा येतो फ्लॅशमुळे किंवा एखादं कापड अगदी जवळ आल्यामुळे. हिरव्याचं कारण वेगळं आणि समजून घेण्यासारखं आहे. डिजिटल व्हिडिओत प्रत्येक बिंदूचे तीन आकडे असतात: वाय म्हणजे उजेड, यू आणि व्ही म्हणजे रंग. नेहमीच्या आठ बिटांच्या फाइलमध्ये काळा म्हणजे वाय १६, पांढरा म्हणजे २३५, आणि यू-व्ही दोन्ही १२८ असले की रंगच नाही. उतरवताना माहिती पोहोचलीच नाही आणि तिन्ही जागी शून्य राहिलं, तर पडद्यावर दिसतो तो काळा नव्हे, हिरवा. म्हणून सपाट हिरवी फ्रेम दिसली की टेपला दोष देऊ नका. केबल, कॅप्चर उपकरण आणि संगणकावरचा ताण आधी तपासा.

बहुतेक जण ज्या हत्यारापासून सुरुवात करतात ते म्हणजे ब्लॅकडिटेक्ट. ओळ अशी:

एफएफएमपेग -आय लग्न.एमकेव्ही -व्हीएफ ब्लॅकडिटेक्ट=डी=०.२:पिक्स_टीएच=०.१० -एएन -एफ नल -

'आय'पुढे फाइलचं नाव, 'व्हीएफ'पुढे फिल्टर. 'एएन' म्हणजे आवाज बाजूला ठेव. 'एफ नल' आणि शेवटची आडवी रेघ म्हणजे नवी फाइल बनवू नकोस, फक्त मोजून सांग. डी म्हणजे किमान किती सेकंद काळं असलं तर कळवायचं. ते लिहिलं नाही तर हा फिल्टर दोन सेकंदांपेक्षा छोटे तुकडे सोडून देतो. घरगुती टेपसाठी ते फार जास्त आहे, म्हणून ०.२, म्हणजे पाच फ्रेम. मग खिडकीत सुरुवात, शेवट आणि लांबी अशा ओळी येत राहतात.

यात एक खाच आहे. ब्लॅकडिटेक्ट फक्त उजेड पाहतो, रंग पाहतच नाही. पिक्स_टीएच ०.१० म्हणजे १६ आणि २३५ यांमधल्या अंतराचा दहावा हिस्सा, अधिक १६. हिशेब करा: उंबरठा साधारण ३८ येतो. त्याखालचा प्रत्येक बिंदू त्याच्या लेखी काळा. आता शुद्ध निळ्या रंगाचा वाय किती? ४१. फक्त तीन पायऱ्यांचा फरक. व्हीसीआरचा निळा जरा गडद असला तर तो काळ्यात जमा होतो. टेप कळकट आहे म्हणून तुम्ही उंबरठा ०.१५वर नेलात तर तो ४९च्या आसपास जातो आणि शुद्ध निळाही काळा ठरतो. तिन्ही शून्यांचा तो हिरवा तर कायमच काळा ठरतो, कारण त्याचा वाय शून्य आहे. म्हणजे यादी हाती येते, पण त्यातलं खरं काळं कोणतं, मशीनचा निळा कोणता आणि कॅप्चरचा हिरवा कोणता, हे तिच्यावरून कळत नाही. आणि आपल्याला तर नेमकं तेच हवं आहे.

म्हणून माझा भरवसा सिग्नलस्टॅट्स या फिल्टरवर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरिया व्हिडिओ कोॲलिशन या संस्थेने जुन्या टेप तपासण्यासाठी क्यूसीटूल्स नावाचा प्रोग्राम तयार केला. त्याच कामातून हा फिल्टर एफएफएमपेगमध्ये आला. ज्यांना काळ्या खिडकीचा संकोच वाटतो त्यांनी क्यूसीटूल्स जरूर वापरून पाहावा. तेच आकडे तिथे आलेखात दिसतात आणि निळा तुकडा आला की रेषा एकदम सपाट पडते.

सिग्नलस्टॅट्स प्रत्येक फ्रेमचे बरेच आकडे देतो. त्यातले थोडेच आपल्या कामाचे. वाय-एव्हीजी, यू-एव्हीजी, व्ही-एव्हीजी ही सरासरी, म्हणजे फ्रेमचा रंग कोणता ते. वाय-लो म्हणजे असा आकडा की फ्रेममधले दहा टक्के बिंदू त्याच्या खाली आहेत. वाय-हाय म्हणजे नव्वद टक्के ज्याच्या खाली आहेत तो. या दोघांतलं अंतर म्हणजे फ्रेममध्ये उजेडाची चढउतार किती. यू आणि व्हीचंही तसंच. तिन्ही अंतरं लहान असतील तर फ्रेम एकरंगी. मग ती निळी असो, काळी असो की कोणतीही. रंग आधी ठाऊक असण्याची गरज नाही. कमाल आणि किमान हे आकडेही मिळतात, पण ओळखण्यासाठी ते धरू नका. निळ्या पडद्याच्या कोपऱ्यात व्हीसीआर 'प्ले' असं पांढऱ्या अक्षरांत लिहितो. तेवढ्यानेच कमाल आकडा वर उडतो आणि फ्रेम निसटते. दहा आणि नव्वद टक्क्यांच्या आकड्यांना ती चार अक्षरं अडवत नाहीत.

मोजण्याआधी दोन कामं करायची. पहिलं, कडा कापणं. व्हीएचएसच्या चित्रात तळाशी काही ओळी नेहमी फाटलेल्या, तिरप्या दिसतात. हेड बदलताना होणारी ती गडबड टीव्हीच्या चौकटीमागे लपायची, डिजिटल फाइलमध्ये उघडी पडते. डाव्या-उजव्या कडेला काळ्या पट्ट्याही असतात. त्या तशाच ठेवल्या तर एकरंगी फ्रेमही एकरंगी मोजली जात नाही. पालची फ्रेम ७२० बाय ५७६. मी क्रॉप=६८८:५४४:१६:८ लिहिते: दोन्ही बाजूंनी १६, वरून ८, खालून २४. ही काटछाट मोजण्यापुरती आहे. मूळ फाइलला हात लागत नाही.

दुसरं, फ्रेम लहान करणं: स्केल=१७२:१३६:फ्लॅग्ज=एरिया. एरिया म्हणजे शेजारच्या बिंदूंची सरासरी. टेपवरच्या मुंग्या सरासरीत विरतात आणि खालचा रंग वर येतो. वेळही वाचतो. पण इतकंही लहान करू नका की खऱ्या चित्रातला तपशीलच पुसला जाईल. चौथा हिस्सा मला पुरतो.

हे आकडे यादीच्या रूपात काढायला एफएफप्रोब वापरतात. तो एफएफएमपेगबरोबरच येतो. त्याला -एफपुढे एल-ए-व्ही-एफ-आय ही पाच अक्षरं द्यायची, -आयपुढे अवतरणचिन्हांत मूव्ही=लग्न.एमकेव्ही आणि स्वल्पविराम देत क्रॉप, स्केल, सिग्नलस्टॅट्स अशी साखळी. मग शो_एंट्रीजमध्ये फ्रेमची वेळ आणि हवे ते टॅग, आणि -ओएफ सीएसव्ही. उत्तर एका फाइलमध्ये वळवायचं. विंडोजवर इथे हमखास अडतं, कारण साखळीच्या आत 'सी:' असा पत्ता आला की त्यातल्या कोलनचा प्रोग्राम भलताच अर्थ लावतो. सोपा उपाय म्हणजे आधी सीडी करून त्याच फोल्डरमध्ये जायचं आणि आत फक्त फाइलचं नाव लिहायचं, तेही मोकळी जागा नसलेलं. रकाने तुम्ही मागितलेल्या क्रमाने येतीलच असं धरू नका. कोणता रकाना कशाचा ते पहिल्या चार ओळी पाहून ठरवा.

सीएसव्ही फाइल हाती आली की पुढचं काम ऑक नावाच्या छोट्या हत्याराने होतं. आकडेमोडीच्या तक्त्यातही होतं, पण २,७०,००० ओळी उघडताना तो धापा टाकतो. नियम असा: वायचं अंतर १२पेक्षा कमी आणि यू-व्हीची अंतरं ८पेक्षा कमी असतील तर ओळ ठेव. मी इथून सुरुवात करते आणि प्रत्येक कॅसेटला थोडं वर-खाली करते. आधी एखादा माहीत असलेला निळा तुकडा शोधून त्याचे आकडे पाहायचे, शेजारच्या खऱ्या चित्राचे पाहायचे आणि उंबरठा दोघांच्या मध्ये ठेवायचा. दहा बिटांमध्ये उतरवलेली फाइल असेल तर सगळे आकडे चौपट असतात: काळा ६४, पांढरा ९४०, मध्य ५१२. अशा फाइलला आठ बिटांचे उंबरठे लावले तर जवळजवळ काहीच सापडत नाही आणि माणूस उगीच समाधानाने झोपतो.

सलग आलेल्या ओळी जोडून त्यांचे तुकडे करायचे आणि पाच फ्रेमपेक्षा छोटे तुकडे वेगळ्या यादीत टाकायचे. लग्नाच्या टेपमध्ये या छोट्या यादीत बहुतेक फोटोग्राफरचे फ्लॅश असतात, एका-दोन फ्रेमपुरते पांढरे. ते टेपचे दोष नव्हेत.

आता मोठी यादी. इथे खरा वेळ द्या, कारण एकरंगी असणं आणि रिकामं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या एका कॅसेटमध्ये चौदा सेकंदांचा फिकट पिवळसर तुकडा सापडला. आकडे अगदी सपाट. फ्रेम काढून पाहिली तर तो अंतरपाट होता. व्हिडिओवाला नवऱ्यामुलाच्या बाजूला अगदी जवळ उभा होता, कापडाने सगळी चौकट भरली होती, कुंकवाचं स्वस्तिक एका कडेला जेमतेम दिसत होतं आणि मागे 'शुभ मंगल सावधान' चालू होतं. दुसऱ्या एका टेपमध्ये आरतीच्या वेळी दिवे गेलेले, अख्खी फ्रेम काळी आणि मध्ये निरांजनाची एवढीशी ज्योत. ज्योत फ्रेमच्या दोन टक्क्यांहून कमी जागा घेत होती, म्हणून ब्लॅकडिटेक्टनेही ती काळीच ठरवली आणि माझ्या नव्वद टक्क्यांच्या नियमानेही. शोधताना बाजूला ठेवलेला कमाल आकडा इथे उपयोगी पडतो. यादीतल्या प्रत्येक तुकड्यासाठी वाय-मॅक्स पाहा. काळ्या तुकड्यात तो दोनशेच्या घरात असेल तर तिथे एखादा दिवा, चंद्र किंवा कोणाच्या तरी हातातली बॅटरी आहे.

रंग मशीनने भरला की टेपवरच तसा होता, हे ओळखायला आणखी एक आकडा आहे: वाय-डीआयएफ. आधीच्या फ्रेमपेक्षा या फ्रेमचे बिंदू सरासरी किती बदलले, ते तो सांगतो. टेपवर नोंदलेल्या कोणत्याही चित्रात, अगदी झाकण लावलेल्या कॅमेऱ्याच्या काळोखातही, टेपची खरखर असते. म्हणून हा आकडा शून्यावर कधी बसत नाही. कॅप्चर उपकरणाने स्वतः भरलेल्या रंगात तो नेमका शून्य असतो. व्हीसीआरचा निळा तारेतून येतो, त्यामुळे शून्य नाही, पण शेजारच्या चित्रापेक्षा फार कमी. हे मोजताना फ्रेम लहान करू नका. लहान केली की खरखर सरासरीत जाते आणि पुरावाच पुसला जातो. म्हणून मी फाइल दोनदा फिरवते: एकदा लहान करून तुकडे शोधायला, एकदा पूर्ण आकारात त्या तुकड्यांची खरखर मोजायला. आणि हे फक्त न दाबलेल्या किंवा एफएफव्ही१सारख्या काहीही न गमावणाऱ्या फाइलवर करा. एच.२६४ने दाबलेल्या फाइलमध्ये बारीक खरखर आधीच धुऊन गेलेली असते, आणि खरा काळोखही मशीनच्या काळ्यासारखा निर्जीव दिसतो. उतरवतानाच एफएफव्ही१ आणि एमकेव्ही निवडा. जागा जास्त लागते, पण ही संधी परत येत नाही.

आवाज विसरू नका. सायलेन्सडिटेक्ट हा फिल्टर शांत जागा शोधतो, पण त्याचा मुळातला उंबरठा उणे ६० डेसिबल आहे. व्हीएचएसची सूं अशी कायमची खरखर त्याच्या बरीच वर असते, त्यामुळे त्याला एकही शांत जागा सापडत नाही. उणे ४०पासून सुरू करा, लागल्यास उणे ३५. मग एकरंगी तुकड्यांची यादी आणि शांत जागांची यादी शेजारी ठेवा. चित्र काळं आणि आवाज चालू, असा प्रत्येक तुकडा हेडफोन लावून ऐका. आमच्याच एका कॅसेटमध्ये झाकण लावलेल्या कॅमेऱ्याची चाळीस सेकंदं आहेत. चित्र काहीही नाही. मागे आजी स्वयंपाकघरातून कोणाला तरी सांगते आहे की पुरणाला गूळ आज थोडा कमीच घाल. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही.

यादीतल्या प्रत्येक तुकड्याची पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम चित्र म्हणून काढून ठेवा. -एसएसपुढे वेळ आणि -फ्रेम्स:व्ही १ लिहिलं की एक चित्र मिळतं. पालची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांची बनते आणि निळा पडदा कधीकधी त्यातल्या एकाच अर्ध्यावर येतो. तेव्हा कडेच्या फ्रेममध्ये एकाआड एक रेघ निळी दिसते. म्हणून तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक फ्रेम जास्तीची धरा. मग तक्ता: सुरुवात, शेवट, रंग, खरखर आहे की नाही, आवाज आहे की नाही, आणि शेवटच्या रकान्यात निर्णय. माझ्या तक्त्यात निर्णय तीनच असतात: ठेवा, पुन्हा उतरवा, पाहण्याच्या प्रतीतून वगळा. मूळ फाइलमधून मी काहीही कापत नाही. कोऱ्या टेपचे तुकडे वगळायचे ते घरच्यांना पाहायला दिलेल्या प्रतीतून.

'पुन्हा उतरवा' असं लिहिलेल्या जागांसाठी निळा पडदा बंद करा. बऱ्याच व्हीसीआरच्या मेनूत ही सोय 'ब्लू बॅक' नावाने असते. टेप एकदा शेवटपर्यंत आणि परत अशी गुंडाळून घ्या, हेड स्वच्छ करा, मग ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवत तो भाग चालवा. तरीही जमलं नाही तर दुसऱ्या व्हीसीआरवर लावून पाहा. जी टेप एका मशीनला वाचता येत नाही ती दुसऱ्याला वाचता आल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. टेपवर पांढरी भुरी दिसली तर मात्र ती मशीनमध्ये घालूच नका; ती बुरशी आहे आणि ती पुढच्या कॅसेटलाही लागते.

मावशीची कॅसेट तिसऱ्या मशीनवर लावली. अकरातली सात सेकंदं स्वच्छ आली. उरलेल्या चारांत मुंग्या आहेत, आवाज तुटतो, पण मामा मावशीला हाताला धरून उंबऱ्याबाहेर आणतात ते दिसतं. तीही चार सेकंदं तशीच फाइलमध्ये ठेवली आहेत.